सोमवारची वाट कशाला बघायची, रात्रीचं जेवण आहे की

"सोमवारपासून डाएट" हे आमच्या ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी म्हणतंच आणि मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण म्हणणाऱ्याची इच्छा अगदी मनापासूनची असते. आळशी नसतात हो ही माणसं. पण सोमवारच्या आधी रविवार येतो आणि नाशिकचा रविवार म्हणजे मिसळ, सगळं घर गंगापूर रोडने मळ्यात जाऊन बसतं, आणि उद्यापासून सगळं बंदच आहे म्हणून दोन पाव जास्त, वर जिलबी.

हे फक्त आपल्याकडेच नाही. हेंगचेन डाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात दिसलं की गुगलवर 'डाएट' शोधणारे आठवडा, महिना, वर्ष सुरू होताना वाढतात. नवीन सुरुवात सगळ्यांनाच आवडते. पण आपल्या घरात संक्रांतीची गुळपोळी झाली की होळीची पुरणपोळी, मग आमरस, मग श्रावणातली साबुदाणा खिचडी, मोदक, फराळ... मोकळा सोमवार येणार कधी?

वहिनी म्हणाली, "अगं दिवाळी होऊ दे, मग बघते." मी म्हटलं वहिनी, दिवाळीचं राहू दे, आज रात्री काय आहे जेवायला ते सांग. पिठलं-भाकरी होती, आम्ही सोबत मोठी वाटी कोशिंबीर केली, झालं, डाएट सुरू.

खरी मेख ही की भूक लागल्यावर काही ठरवायचंच नाही, आधीच ठरलेलं पाहिजे. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हेच मांडलंय, "अमुक झालं की मी तमुक करणार" असं नेमकं ठरवलं की ते पार पडायची शक्यता वाढते. माझं असं आहे की पाचचा चहा आला की ड्रॉवरमधला फुटाण्यांचा डबा उघडायचा, कंपनीच्या गेटबाहेर वडापावची गाडी आहेच पण तिकडे जायचा विचार यायच्या आत मूठभर फुटाणे पोटात जातात. आणि सकाळी मटकी भिजत घालून रात्री फडक्यात बांधून ठेवते, दुसऱ्या दिवशी उसळ डब्यात, मटकी मिसळीचीच फक्त तर्री नाही (थंडीत आपल्याकडे मोड यायला जास्त वेळ लागतो, तेव्हा एक दिवस आधी भिजवा).

मधेच कुठे वाढदिवसाचा केक खाल्ला तर "आता मोडलंच, उरलेला आठवडा जाऊ दे" असं अजिबात करू नका प्लीज. पुढचं जेवण चार-पाच तासांवर असतं, तिथून परत धरायचं.

आणि मिसळ सोडू नका, रविवारी एक प्लेट खुशाल खा, जास्तीचे पाव तेवढे नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवणाच्या वेळा, भाकरी-पोळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदला, यात घाई नको.