१६ मिलिसेकंदांची माफी

नवा गेम उघडला की लगेच खेळतं कोण? आधी सेटिंग्ज. मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा) बंद, फिल्म ग्रेन (सिनेमासारखे दाणे) बंद, क्रोमॅटिक ॲबरेशन (कडांवरची रंगीत झाक) तर दिसताक्षणी बंद. मग कोपऱ्यात फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेक फ्रेम (चित्र) तयार व्हायला लागणाऱ्या वेळेचा, आलेख लावायचा आणि कॅमेरा जागच्या जागी सावकाश गोल फिरवायचा. रेघ सपाट राहिली तर निर्माता पास. मध्येच सुळका उठला तर तीच फेरी पुन्हा. दुसऱ्या खेपेला सुळका गायब झाला तर बहुधा दोष शेडरचा: नव्याने समोर आलेली वस्तू रंगवणारा छोटा प्रोग्रॅम ऐनवेळी आपल्या ग्राफिक्स कार्डासाठी कंपाइल होत होता. चालताना दर वेळी एकाच ठिकाणी अडखळला तर पुढचा भाग लोड करताना इंजिनाला, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, धाप लागतेय. पहिल्यावर उपाय आहे. गेम सुरू होताना शेडर तयार करत असेल तर ते पूर्ण होऊ द्या, मध्येच एंटर दाबू नका. ड्रायव्हर अपडेट केल्यावर तेच परत होणार, वैतागू नका. दुसऱ्यावर आपल्या हातात फारसं काही नाही.

इथवर नियम सगळ्यांना सारखा. पण पडद्यावर निर्मात्याचं नाव झळकलं की आपण नियम ढिला करतो.

काही ठिकाणी ते योग्यच. ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने बनवला. त्याच्याकडे रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून काढलेलं चित्र) मागणारा भेटला तर त्याला पाणी पाजून घरी पाठवावं. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ मुळात ब्राउझरच्या तंत्रावर उभा होता. शेवटच्या मिनिटांत शत्रूंची इतकी झुंबड उडायची की फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) कोसळायचा, आणि लोकांना त्यातही मजा यायची. २०२३मध्ये निर्मात्यांनी तो युनिटी या तयार इंजिनावर नेला.

म्हणजे चित्राला सूट. लयीला नाही. गायकाचा आवाज बसलेला चालतो, तबलजीची मात्रा हलून चालत नाही. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर सेकंदाला ३० फ्रेमचा गेम म्हणजे प्रत्येक फ्रेम दोनदा, ३३.३ मिलिसेकंद. एक फ्रेम एकदाच आणि पुढची तीनदा दाखवली तरी सरासरी ३०च भरते. डोळ्यांना मात्र आधी १६.७ आणि मग ५० मिलिसेकंदांचा हिसका बसतो. ते सावरायला मोठा स्टुडिओ लागत नाही, फ्रेम वेळेवर सोडणारी शिस्त लागते. १२० हर्ट्झचा टीव्ही असेल तर ४०चा मोड निवडा, तिथे प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा बसते: २५ मिलिसेकंद, ३० आणि ६०च्या बरोबर मधोमध. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’मध्ये तो आहे, आणि नजरेला ३०पेक्षा ६०च्याच जवळचा वाटतो.

बड्यांचं काय? ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ २०२२च्या नोव्हेंबरात आले. त्यातली दूरची पवनचक्की स्लाइड शोसारखी फिरायची. पहिल्या तीन दिवसांत १ कोटी प्रती विकल्या गेल्या. माफीनामा नंतर आला. खरेदीदारच इतका उदार असेल तर पवनचक्की कोण दुरुस्त करतो! त्याच वर्षी ‘एल्डन रिंग’ पीसीवर नव्या राक्षसासमोर अडखळत होता आणि स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्रावर, कितीतरी दुबळ्या चिपवर, कमी गचके खात चालत होता. मोठ्या गचक्यांवर डेक बनवणाऱ्या वाल्व कंपनीने मेमरी हाताळणीत सुधारणा करून इलाज केला होता. शेडरचंही सोपं होतं: तेव्हा प्रत्येक डेकमधली चिप सारखीच, म्हणून वाल्व तयार शेडर आधीच उतरवून देऊ शकायचं. पीसीवर दर घरी वेगळं कार्ड. ही अडचण खरी, पण ती सगळ्यांनाच आहे, आणि कंपाइल आधी उरकून घेणारे गेमही आहेतच.

तेव्हा नियम ठरला: चित्र ऐपतीप्रमाणे, लय सगळ्यांना एकच. फक्त ‘ब्लडबोर्न’चा विषय काढू नका. पीएस४वर ३०ची मर्यादा आणि वर फ्रेमचं अंतरही असमान, म्हणजे वर सांगितलेला गुन्हा जसाच्या तसा. पण तो आपला लाडका ‘ब्लडबोर्न’ आहे.