गाडी नसलेले रेल्वेचे पोस्टर

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर जुन्या ब्रिटिश रेल्वे-पोस्टरांची काही पोस्टकार्डे लावलेली आहेत, आणि त्यांतल्या एकाकडे माझी नजर रोज जाते. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूतून एक गलेलठ्ठ कोळी, पायांत मोठे बूट आणि तोंडात पाइप अशा थाटात, दोन्ही हात पसरून उड्या मारत चालला आहे. त्यावर लिहिले आहे, ‘स्केगनेस इज सो ब्रेसिंग’. हे पोस्टर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने 1908 साली काढले, पण त्यात ना इंजिन आहे, ना डबा, ना रूळ.

‘ब्रेसिंग’ या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. अंगावर काटा आणणारी आणि तरीही अंगात तरतरी भरणारी गार हवा, असे काहीसे म्हणावे लागते. आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी पाचगणीला नेत असत. त्या ‘हवापालटा’तला विश्वास या शब्दात आहे. स्केगनेस हे इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्याच्या पूर्व किनाऱ्यावरचे गाव, थेट उत्तर समुद्राकडे तोंड करून बसलेले, त्यामुळे तिथला वारा बोचरा असतो. जाहिरातदाराला तो लपवता आला असता. पण इथे वारा हेच गावाचे वैभव म्हणून पुढे केले आहे, आणि मला ही जाहिरात प्रामाणिक वाटते ती यामुळेच. थंडी नाही असे ती कुठेही सांगत नाही.

या गावात रेल्वे 1873 साली पोहोचली होती. नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या भागांतले कामगार सुट्टीला तिथे जात. लंडनकरांना मात्र ब्रायटन किंवा साउथएंड कितीतरी जवळ होते. त्यांना इतक्या दूर नेण्यासाठी 1908 च्या गुड फ्रायडेला किंग्ज क्रॉस स्थानकातून सहलीची खास गाडी ठेवण्यात आली आणि तिचे जाऊन-येऊन भाडे 3 शिलिंग होते. चित्रकार जॉन हॅसल यांना या चित्राचे 12 गिनी मिळाले. गिनी म्हणजे 21 शिलिंग, तेव्हा हा मेहनताना एकूण 252 शिलिंगांचा होतो, म्हणजे त्या सहलीच्या 84 तिकिटांइतका. ज्या चित्राने एका गावाला शंभराहून अधिक वर्षे पुरणारी ओळख दिली, त्याच्या मानाने ही रक्कम मला फारच थोडी वाटते.

हॅसल यांची रेषा जाड आणि रंग सपाट. शिळाछापाच्या तंत्रात प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागत असल्यामुळे मोजक्या रंगांत काम भागवणारा चित्रकार छापखान्याला सोयीचा असे. पण या साधेपणाचा खरा उपयोग फलाटावर होता, कारण गाडी पकडण्याच्या घाईतल्या माणसाला बारकावे पाहायला वेळ नसतो आणि त्याला चालता चालता जे दिसेल तेवढेच त्याच्यापर्यंत पोहोचते. हा कोळी दुरूनही दिसतो, आणि अक्षरे वाचण्याआधीच त्याची उडी कळते.

मूळ प्रती दुर्मीळ का, हेही या कागदाच्या जन्मातच आहे. तो एका ठरावीक दिवसाच्या सहलीसाठी छापलेला, खळीने फळ्यावर डकवण्याचा. सहल संपली की त्याचे काम संपले आणि त्यावर दुसरा कागद चढला. कोणी जपून ठेवावे म्हणून तो काढलेलाच नव्हता. 1923 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली, तरी नव्या कंपनीने कोळ्याला सोडले नाही. पुढे त्याची नवी आवृत्ती निघाली, आणि आज गावात त्याचा पुतळाही आहे.

हॅसल यांनी हे चित्र काढले तेव्हा त्यांनी स्केगनेस पाहिलेले नव्हते. ते तिथे प्रथम गेले 1936 साली, चित्रानंतर 28 वर्षांनी, आणि गावाने त्यांना आपल्या किनाऱ्याचे ‘मानद स्वातंत्र्य’, म्हणजे मानद नागरिकत्वासारखा एक सन्मान, बहाल केला. तोपर्यंत तो कोळी त्या वाळूवर कितीतरी उन्हाळे घालवून चुकला होता.