आत्मचरित्र पहिल्यांदा वाचताना : दोन सालं आणि एक पेन्सिल

मराठीच्या वर्गात आत्मचरित्र पहिल्यांदा लागलं की मुलांच्या प्रतिक्रिया साधारण ठरलेल्या असतात. ‘नावं फार आहेत.’ ‘गोष्ट पुढेच सरकत नाही.’ आणि एखादी जरा चौकस मुलगी विचारते, ‘इतक्या वर्षांपूर्वीचं बोलणं यांना शब्दन् शब्द आठवलं कसं?’ हा प्रश्न लाख मोलाचा. वाचायला सुरुवात तिथूनच करावी.

पुस्तक हातात आलं की आधी दोन सालं शोधायची. घटना घडल्या ते एक आणि त्या लिहून छापल्या ते दुसरं. छापल्याचं साल घेताना हमखास घोटाळा होतो, कारण मुलं हातातल्या पुनर्मुद्रणाचं साल टिपतात. पहिली आवृत्ती कधीची ते पाहा. दोन्ही सालं पहिल्याच कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा (ग्रंथालयाची प्रत असेल तर वहीत) आणि वजाबाकी करा.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले 1895 मध्ये, लक्ष्मीबाई 1900 मध्ये, टिळक वारले 1919 मध्ये, आणि पुस्तक भागाभागाने यायला लागलं 1934 पासून. म्हणजे नवऱ्याने धर्म बदलल्याचं कळून जिच्या पायाखालची जमीन सरकली ती बाई आणि ते लिहिणारी बाई, यांच्यात जवळजवळ चाळीस वर्षं गेली आहेत. मधल्या काळात ती स्वतः त्याच धर्मात आली आणि विधवाही झाली. या पुस्तकात वाचक पानोपानी हसतो. हसताना एकदा थांबून बघा : हसतंय कोण? प्रसंगातली तरुण लक्ष्मी बहुतेक वेळा रडकुंडीला आलेली असते, आणि थट्टा करते ती साठी ओलांडलेली लेखिका.

हे पकडायला समासात दोन खुणा पुरतात. ‘ते’ म्हणजे तेव्हाचं मन, ‘आ’ म्हणजे आताचं मत. प्रत्येक ओळीला खूण करत बसू नका, त्याने कंटाळा येऊन पुस्तक बाजूला पडतं. आवाज बदलतो तिथेच करा, आणि तेही पहिल्या पन्नासेक पानांपुरतंच. पुढे डोळ्यांना सवय होते. संवादांचं कोडंही इथेच सुटतं. अवतरणचिन्हातलं वाक्य म्हणजे त्या बोलण्याचा लेखिकेच्या मनात उरलेला सूर. त्याला ध्वनिमुद्रण समजून परीक्षेत ‘त्या असे म्हणाल्या’ म्हणून पुरावा द्यायला जाऊ नये.

जुन्या प्रवासकथनांना आणखी दोन खुणा लागतात : ‘पा’ पाहिलेलं, ‘ऐ’ ऐकलेलं. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची सगळी मजा या दोन अक्षरांत आहे. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे गेला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता, त्यामुळे तो भाग ‘पा’. बंड का पेटलं याची शिपायांच्या तोंडची हकिकत मात्र ‘ऐ’. ती चुकीची असली तरी टाकाऊ नाही, कारण तेव्हा लोक काय धरून चालले होते ते तीच सांगते. या पुस्तकाची आवृत्तीही बघून घ्यावी. 1907 ची चिंतामण विनायक वैद्यांनी संपादकाचा हात फिरवून छापलेली आहे. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढली. दोन्ही मिळाल्या तर एखादा प्रसंग शेजारी ठेवून वाचा. संपादन म्हणजे काय हे मुलांना याहून चांगलं समजावता येत नाही.

नावांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवायचं. नाव, नातं, गाव, पहिल्यांदा भेटल्याचं पान, एवढंच. एकाच बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरातली हाक वेगवेगळी असते, आणि नवखा वाचक तिथे गडबडतो. गोदूबाई, आनंदीबाई आणि बाया कर्वे ही तीन माणसं नव्हेत! त्यांचं ‘माझे पुराण’ आणि धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ जोडीने वाचायला द्यावं. 1893 मध्ये या दोघांचा झालेला पुनर्विवाह आणि त्यानंतर कर्व्यांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी टाकलेला बहिष्कार एवढाच भाग दोन्हीकडे काढायला लावला तरी तासभर चर्चा रंगते. एकाच घरात दोघांना काय काय वेगळं दिसलं, ते मुलं आपणहून बोलायला लागतात.

काय गाळलंय हेही टिपावं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 मध्ये छापल्या गेल्या, तेव्हा सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचं त्यांचं काम सुरू झालेलं होतं. आठवणी मात्र 1901 मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे जातात तिथे थांबतात. स्वतःच्या कामाचं त्या सांगत नाहीत. ‘नम्रता’ असा शेरा मारून मोकळं होण्याआधी, त्या काळच्या विधवेने पुस्तक लिहायचं तर कोणत्या निमित्ताने लिहायचं, याचा विचार करून बघा.

प्रस्तावना शेवटी वाचावी. आधी वाचली की उत्तरपत्रिकेत तिचीच वाक्यं उतरतात, आणि तपासणाऱ्याला ती पाठ असतात. एका बैठकीत वीस-पंचवीस पानं पुरे.

आणि पहिलंच आत्मकथन असेल तर दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) घ्यायला हरकत नाही. त्यात भोगलेला दगडू (हे पवारांचंच मूळ नाव) आणि शिकूनसवरून लिहिता झालेला दया पवार समोरासमोर बसवले आहेत. ‘ते’ आणि ‘आ’ लेखकानेच वेगळे करून दिलेत. गावाकडची बोली पहिली काही पानं अडेल. तिथे कोश उघडत बसण्यापेक्षा मोठ्याने वाचा, कानाला अर्थ लवकर लागतो.