खटला नाही, सुटकाही नाही

वॉशिंग्टनमध्ये गेली अनेक वर्षे ११ जानेवारीला व्हाइट हाउससमोर ग्वांतानामोचा तुरुंग बंद करा, या मागणीसाठी निदर्शने होतात. २००२ साली याच दिवशी दहशतवादाच्या संशयावरून पकडलेले पहिले २० कैदी क्युबातील या अमेरिकी नौदल तळावर उतरवण्यात आले होते. निदर्शक कैद्यांसारखा नारिंगी पोशाख चढवतात, काळ्या कापडाची टोपी थेट हनुवटीपर्यंत ओढून घेतात आणि हात मागे बांधल्यासारखे धरून एकामागोमाग चालतात. मीही त्या रांगेत चाललो आहे. श्वासाने कापड ओले होते, जानेवारीच्या वाऱ्यात तेच गारठून गालाला चिकटते, पुढच्या माणसाचा नारिंगी रंग तेवढा अंधुक दिसत राहतो आणि कोणी दंडाला धरून वळवल्याखेरीज वळायचे कोठे हेही समजत नाही. घोषणा फार नसतात, कैद्यांची नावे वाचली जातात.

या नावांना किती महत्त्व आहे, ते २००८ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात निदर्शने केल्याबद्दल अटक झालेल्या अनेकांनी स्वतःच्या नावाऐवजी एकेका कैद्याचे नाव सांगितले आणि पुढे खटल्यातही ते त्याच नावांनी उभे राहिले. ज्यांना न्यायालयाचे दार बंद होते, त्यांची नावे निदान अशी तरी न्यायाधीशांच्या कानी पडली. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कैद्यांना हेबियस कॉर्पसचा, म्हणजे आपल्या कैदेला न्यायालयात आव्हान देण्याचा अधिकार आहे, असा निर्णय दिला. तरीही तुरुंग बंद झाला नाही. ओबामा यांनी २००९ च्या जानेवारीत वर्षभरात तो बंद करण्याचा आदेश काढला, पण कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणण्यास संसदेने मनाई केली.

घरी फोनवर बोलताना एक प्रश्न हमखास येतो: तिथे दहशतवादीच आहेत ना, मग तुला त्यांचा एवढा कळवळा का? तिथे एकूण सुमारे ७८० जणांना ठेवण्यात आले आणि त्यांतील बहुतेक सगळे कोणताही आरोप न ठेवता सोडून द्यावे लागले, हे मी आधी सांगतो. उरलेल्यांपैकी कोण दोषी, हे ठरवण्यासाठीच तर खटला हवा, आणि नेमका तोच छळामुळे अडून बसला आहे. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या आरोपींना मे २०१२ मध्ये लष्करी न्यायाधिकरणापुढे उभे करण्यात आले, परंतु सीआयएच्या गुप्त कोठड्यांमधील छळानंतर दिलेले जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरायचे की नाही, याच वादात वर्षे गेली. या विलंबाची झळ केवळ आरोपींना बसलेली नाही, हल्ल्यात आपली माणसे गमावलेली कुटुंबेही निकालाविना म्हातारी होत आहेत.

तिथलाच एक कैदी अबू झुबैदा याचे प्रकरण तर याहून स्पष्ट आहे. तोंडावर फडके टाकून वर पाणी ओतायचे आणि माणसाला बुडण्याच्या यातना द्यायच्या, हा प्रकार त्याच्यावर २००२ मध्ये किमान ८३ वेळा करण्यात आला. त्याच्या छळाची माहिती सिनेटच्या समितीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातच आहे. त्याच्यावर आजतागायत आरोपपत्र दाखल झालेले नाही. ज्याचा छळ केला त्याला न्यायालयात बोलू द्यायचे, तर छळ करणाऱ्यांचीही चौकशी ओघाने येते, आणि ती टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याला कायमचे आत ठेवणे. म्हणूनच छळ आणि बेमुदत कैद या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, असे मला वाटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ११ येमेनी कैद्यांना ओमानला पाठवल्यावर तिथे १५ जण उरले, आणि त्यांतील सहा जणांवर कधीच आरोप ठेवण्यात आलेला नव्हता. हा आकडा शून्यावर येईल, अशी आशा वाटू लागली असतानाच त्याच महिन्याच्या अखेरीस तळावर ३०,००० स्थलांतरितांना ठेवण्याची व्यवस्था करण्याचा आदेश निघाला आणि फेब्रुवारीत त्यांची विमाने तिथे उतरू लागली.