बायझंटाइन शिशाची मुद्रा: ओतकाम आणि ठोक

बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातली ही मुद्रा पत्राच्या दोऱ्यावर ठोकून बसवायची मोहोर. तिची प्रतिकृती करतोय: ठसे कोरून झालेत, आता त्यांत दाबायच्या शिशाच्या तबकड्या. नमुना दहाव्या शतकाचा: एका बाजूला पायऱ्यांवर उभा दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस, कडेने ‘कीरिए वोइथी तो सो दूलो’ (प्रभो, तुझ्या सेवकाला साहाय्य कर). मागे पाच ओळींत नाव, ‘सम्राटाचा प्रोतोस्पाथारियोस’ (पहिला खड्गधारी) ही पदवी आणि ‘स्त्रातिगोस’, म्हणजे प्रांताचा सेनापती, हे पद.

शिसं शुद्ध घ्या. गाडीच्या चाकांची वजनं वितळवू नका. त्यातल्या अँटिमनीमुळे धातू कडक होतो, अक्षरं अर्धवट उठतात आणि कड तडकते. जुन्या बॅटरीच्या पाट्या तर नकोच, त्यांतून विषारी वायू निघतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ओतायला ३५० ते ३८० पुरे. त्यापुढे वर पिवळट मुर्दाडशिंग (शिशाचा ऑक्साइड) साचू लागतं, ते पळीने काढत राहावं लागतं. काम उघड्यावर, मास्क लावून, आणि नंतर हात साबणाने धुऊनच.

साचा शंखजिऱ्याचा. २२ मिमी व्यास, ४ मिमी जाडी. तबकडी १६-१७ ग्रॅम भरते. मधून दोऱ्यासाठी २ मिमीची पोलादी तार आरपार, तारेला दिव्याची काजळी, म्हणजे ती सुटते. साचा आधी नीट तापवा. दगडात ओल राहिली तर वाफ होऊन वितळलेलं शिसं अंगावर उडतं. थंड साच्यात ओतलं तर तारेभोवती धातू नीट मिळत नाही आणि कच्चा सांधा राहतो.

सगळी गोम या छिद्रात आहे. ते बरोबर जाडीच्या मध्यावर हवं. एका बाजूला सरकलं तर ठोक बसताच पातळ बाजू खचते आणि नेमकी ओळींमधली मधली अक्षरं जातात. अस्सल मुद्राही याच रेषेवर फुटलेल्या खूप सापडतात.

बुलोतिरिऑन म्हणजे जबड्यात ठसे असलेली लोखंडी सांडशी. वरच्या जबड्यावर हातोडा झेलायला उंचवटा असतो. दोन्ही ठशांचा माथा एकाच दिशेला ठेवा, दोऱ्याचं छिद्र उभं. दोरा ओवून तबकडी थंडच ठेवा आणि एकच भरीव घाव घाला. दुसरा घातलात तर अक्षरं दुहेरी दिसतात. बिजागरीची खीळ सैल असली की ठसा एका कडेला घसरतो. ओळींची सुरुवात दिसते, शेवट नाही. घाव पुरेसा नसेल तर छिद्र मिटत नाही आणि दोरा ओढला की सुटून येतो, मग मुद्रेला अर्थच काय.

कोरताना अक्षरं उलटी असतात. न्यू (Ν) आणि काप्पा (Κ) ही ग्रीक अक्षरं हमखास फसतात.

तयार नगाच्या कडेवर ‘प्र’ (प्रतिकृती) ठोकायचाच, बाजारात खऱ्याच्या नावाने विकला जाऊ नये म्हणून. लाकडी पेटीत ठेवू नका, सागवानीसुद्धा नको: लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. पॉलिप्रॉपिलीनची डबी आणि सिलिका जेल चांगलं. आणि ठशावर मागच्या ओळी कोरताना ‘प्रोतो’ऐवजी (म्हणजे ‘पहिला’) नुसता ‘आल्फा’ (ग्रीक आकडा १) कोरून जागा वाचवता येते.