पावसाळ्यात एकट्याच वर कशाला जाता?

आषाढ लागला की मी तीन दिवसांची रजा टाकते, पाठीवरची पिशवी भरते आणि सांगलीहून साताऱ्याची एसटी पकडते. साताऱ्याहून वाई आणि वाईहून पुढे कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात, असा माझा ठरलेला रस्ता आहे. शिक्षकखोलीत, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना मंडईत मला हमखास एकच प्रश्न विचारला जातो : भर पावसात, एकट्याच, त्या डोंगरात कशाला जाता? विचारणाऱ्यांच्या स्वरात काळजी असते, तशी थोडी शंकाही असते, कारण बाईमाणूस देवाला निघाले तर कोणी ना कोणी सोबत असते आणि धबधबा बघायला निघाले तर जथाच असतो. आजवर मी 'सहज' म्हणून वेळ मारून नेत आले. पण तुम्ही विचारलेत, आणि दोनदा विचारलेत, म्हणून या वेळी नीट सांगते.

आमचे घर नदीपासून फार लांब नाही. 2005 साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, तेव्हा ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले होते. त्यामुळे 2019 च्या ऑगस्टमध्येही ते तिथेच थांबेल असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. माडीवर चार माणसे, दोन घागरी पाणी आणि एक गॅसची शेगडी घेऊन आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो होतो. पाणी ओसरल्यावर मी घरात शिरले तेव्हा मला सगळ्यात जास्त आठवते ते देवघरातले ताम्हन. त्यात दोन बोटे गाळ साचला होता, इतका तलम आणि इतका सारखा बसलेला, की कोणीतरी चाळणीने चाळून भरला असावा असे वाटले. तो हाताने काढताना पहिल्यांदा मनात आले, ही माती कुठली?

सांगलीत पुराविषयी बोलणारे सगळे आकड्यांत बोलतात. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, कोयना धरण 105 टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, धोम धरण साडेतेरा टीएमसी, विसर्ग इतके क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट. शेंबडे पोरसुद्धा हे पाठ म्हणते. मी गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांची मला भीती नाही. पण ज्या पाण्याचे हे आकडे होते, ते पाणी लहान असताना कसे दिसते हे मी जन्मात पाहिले नव्हते. 2021 च्या जुलैत ते पुन्हा घरात आले. त्याच्या पुढच्या वर्षी मी ते पाहायला पहिल्यांदा वर गेले.

वाईत उतरल्यावर मी आधी ढोल्या गणपतीला जाते. हे देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. मूर्ती एका दगडातली, प्रचंड आणि ऐसपैस बसलेली, म्हणूनच तो ढोल्या. लोक तिच्यासाठी येतात आणि दर्शन घेऊन समोरून निघून जातात. मी मात्र देवळाच्या मागच्या अंगाला जाते. तिथली भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे, जेणेकरून पुराचे पाणी तिच्यावर थेट आदळू नये, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे. पहिल्या वर्षी भर पावसात छत्री बाजूला ठेवून मी त्या दगडावरून हात फिरवीत उभी राहिले, तेव्हा घाटावरचा एक फुलवाला माझ्याकडे संशयाने पाहत होता. त्याला काय सांगणार? नदीपात्राला लागून देऊळ बांधताना ज्याने पाणी येणारच हे आधी धरले आणि मग भिंतीचा आकार ठरवला, त्या अनामिक गवंड्याशी माझे काही बोलणे चालले होते. आमच्या भागातली अलीकडची एकही इमारत पाण्याला वाट देत नाही. उलट वाट अडवून वर त्या जागेला 'नदीकिनारी' म्हणून जास्त भाव लावते.

मेणवलीचा नदीवरचा घाट सुंदर आहे, पण तिथे आता छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी फार असते. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा पाहायची आणि निघायचे. धोमला मात्र मी तासभर काढते. तिथल्या महादेवासमोरचा नंदी जमिनीवर नाही. कमळाच्या पाकळ्यांसारखी कड असलेल्या दगडी कुंडात, कासवाच्या पाठीवर त्याचा मंडप उभा आहे. उन्हाळ्यात ते नुसते कोरीव काम वाटते. श्रावणाच्या तोंडाला कुंडात पाणी चढलेले असले, की कासवाचे तोंड पाण्याच्या पातळीशी येते आणि प्रत्येक सरीबरोबर ते पोहायला लागल्याचा भास होतो. ज्याने हे घडवले त्याने ते पावसासाठीच घडवले असावे, असे माझे मत आहे. पुरावा काही नाही.

धोमच्या पुढे, बलकवडीच्या धरणाच्या कडेकडेने जोरकडे जाणारा रस्ता लागतो, आणि इथून धबधबे मोजण्याचे सोडून द्यावे लागते. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पांढऱ्या रेघा उतरत असतात. नीट पाहिले तर एकही रेघ वरपासून खालपर्यंत सलग नसते. ती थोडी पडते, टप्प्यावर थांबते, पसरते, पुन्हा पडते. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी झाला आहे. त्यातले काही थर टणक आणि काही ठिसूळ आहेत. ठिसूळ लवकर झिजतो, टणक पुढे राहतो, आणि म्हणून डोंगराला या पायऱ्या आहेत. पाणी जिना उतरते ते असे. झिजलेल्या ठिसूळ थराचे काय होते, हे मला विचारायची गरज राहिली नव्हती. ताम्हनातून तो मीच काढला होता.

आता एकटीच का, याचे उत्तर. दुसऱ्या वर्षी मी शाळेतल्या तीन मैत्रिणींना बरोबर नेले होते. त्या फार चांगल्या आहेत, पण दर वळणावर गाडी थांबवायची, पाण्यात उतरायचे, मक्याचे कणीस खायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. धबधब्याखाली उभे राहण्याचा मोह मला कळतो, मात्र वर कुठे पाऊस पडतो आहे हे खालून दिसत नसते, आणि पाण्याचा रंग बदलला की बाहेर यायला किती वेळ मिळेल हे कोणीही सांगू शकत नाही. एकटी असले की मी भित्री असते, आणि त्या खोऱ्यात भित्रे असलेलेच बरे. पाण्यात पाय घालायचा नाही, रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर असले तरी ओलांडायचे नाही, दुपारच्या गाडीने परत फिरायचे आणि रात्री घरी फोन करायचा. याच खोऱ्यात 2021 च्या जुलैत कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड कोसळली होती, हे मी कधी विसरत नाही.

एवढे करूनही एकदा अडकले. रस्त्यावर दरडीची माती आल्यामुळे गाडी वर आलीच नाही, आणि मी एका वाडीतल्या मारुतीच्या देवळात पिशवी उशाशी घेऊन बसले होते. भाताची लावणी उरकून, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतलेल्या चार बाया समोरून चालल्या होत्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी थांबली.

"कुठनं आलीस गं बाई, एकलीच?"

"सांगलीहून."

"पुरातली?"

मी हो म्हटले. घरात किती पाणी आले होते ते तिने विचारले, मी हात छातीशी धरून दाखवले, आणि ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "आपलं पानी हिच्या घरात शिरलं म्हनायचं की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री तिच्याच घरी चुलीजवळ नाचणीची भाकरी खाल्ली. चौघी बरोबर असतो तर तिने आम्हाला विचारले असते असे वाटत नाही. चौघींना कोणी 'एकल्याच?' म्हणून थांबवत नाही.

तिसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढून क्षेत्र महाबळेश्वर. बाजारपेठेच्या महाबळेश्वरविषयी मला काही सांगायचे नाही. जुन्या क्षेत्रातल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडते. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा वाईकडे जाते, वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीला भेटते, आणि कोयना आधी दक्षिणेकडे लांबचा वळसा घेऊन कऱ्हाडला तिच्यासमोर येऊन उभी राहते. नकाशात हे शाळेपासून पाहिलेले होते. पण कृष्णा आणि कोयना या ज्या दोन नद्यांची नावे आम्ही ऑगस्टमध्ये रेडिओवर धास्तीने ऐकतो, त्या इथे एका गोमुखाच्या धारेत मिसळून पडतात, आणि ती धार माझ्या मनगटाहून जाड नाही. या पठाराच्या माथ्यावर जांभा दगड आहे, सच्छिद्र. तो पावसाळाभर पाणी पितो आणि सावकाश सोडतो. म्हणून कड्यांवरचे धबधबे दिवाळीनंतर आटतात, पण गोमुख ऐन वैशाखातही वाहत असते. मी धारेखाली ओंजळ धरली. पाणी स्वच्छ होते, त्यात मातीचा कण नव्हता.

तिथून थोडे चालत गेले की कड्याच्या टोकाशी कृष्णाबाईचे काळ्या दगडाचे देऊळ आहे. समोर सगळे कृष्णेचे खोरे दिसायला हवे, पण पावसाळ्यात धुक्याशिवाय काही दिसत नाही. नुसता आवाज येतो. मागच्या खेपेला तिथल्या ओट्यावर ओले मोजे पिळत असताना सांगलीहून शेजारच्या वहिनींचा फोन आला.

"ताई, पुलाजवळ पाणी वाढतंय म्हणतात. वर पाऊस कसा आहे?"

मी धुक्याकडे पाहिले आणि जोर धरलाय म्हणून सांगितले. मग जिन्याखालच्या कपाटातली पुस्तके आणि देवघरातली भांडी माडीवर नेऊन ठेवायला सांगितली, किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे म्हटले, आणि बसची वेळ बघायला उठले.