हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर थिसिस : माझा अनुभव

सहा वर्षं मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स होते, मग एमएस्सी नर्सिंगला ॲडमिशन घेतलं आणि थिसिसचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता, हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हार्टचं पंपिंग कमी झालेले, तेच तेच पेशंट परत परत का येतात. पाय सुजलेले, दम लागतोय, आडवं झालं की गुदमरतं म्हणून तीन उशा लावून बसून रात्र काढलेली, मग लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणारी, इंजेक्शनं, चार-पाच दिवसात अंगातलं पाणी उतरतं, माणूस हसत घरी जातो आणि महिन्याभरात परत कॅज्युअल्टीत. ॲडमिट असतानाच पेशंटला आणि घरच्यांना नीट शिकवलं तर फरक पडतो का, एवढाच माझा विषय.

गाईड मॅडम म्हणाल्या आधी वाच. वाचत गेले तर 1995 सालीच अमेरिकेत हे करून बघितलेलं, सत्तरीच्या पुढचे 282 पेशंट, अर्ध्यांना नर्सनी शिकवलं, आहार समजावला, घरी गेल्यावर पाठपुरावा केला, तर 90 दिवसातली परत ॲडमिशनं 94 च्या जागी 53 झाली. मी तर ते दोनदा वाचलं. आपल्याकडची त्रिवेंद्रमची रजिस्ट्री, म्हणजे अशा पेशंटच्या नोंदींचा अभ्यास, पण वाचली, 2013 मध्ये 18 हॉस्पिटलमधले 1205 पेशंट, सरासरी वय साधारण 61, म्हणजे तिकडच्यापेक्षा आपले पेशंट बरेच तरुण, कमावते लोक. आणि 2022 ची स्ट्रॉंग-एचएफ नावाची हार्ट फेल्युअरच्या औषधांवरची ट्रायल, त्यात डिस्चार्जनंतर दोन आठवड्यात औषधं पूर्ण डोसला नेली आणि सारखं बोलावून तपासलं, तर सहा महिन्यात मृत्यू किंवा परत ॲडमिशन 23.3 टक्क्यांवरून 15.2 वर आलं. म्हणजे घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं.

सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, झाला, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे उभी राहिले. पहिलाच प्रश्न, ज्याला श्वास घेता येत नाही तो संमती कशी देणार? बरोबर होतं त्यांचं. ठरलं की ऑक्सिजन निघून पेशंट बोलता झाल्यावरच विचारायचं, सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी साक्षीदार असा की ज्याचा माझ्या अभ्यासाशी काही संबंध नाही.

खरी अडचण पायलटमध्ये, म्हणजे थोड्या पेशंटवर आधी करून बघताना, आली. संमतीपत्रात मी लिहिलं होतं 'हृदय निकामी झालेल्या रुग्णांसाठी', आणि समजावताना तोंडातून 'हार्ट फेल्युअर' निघालं. पेशंटच्या बायकोनी पदरच तोंडाला लावला, रडायलाच लागल्या. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला! सहा वर्षं मी हा शब्द वॉर्डात वापरत होते आणि समोरच्याला काय ऐकू जातं हे मला कधी कळलंच नव्हतं, त्याचं फार वाईट वाटलं. मावशींचा हात धरून सांगितलं की काकांचं हार्ट चालू आहे, फक्त पंपिंग कमी झालंय. आणि पंपिंग म्हटलं तरी आणखी एक गोष्ट सांगावीच लागते, इकोमध्ये (हार्टच्या सोनोग्राफीत) पंपिंग 30 टक्के लिहिलं की लोकांना वाटतं 70 टक्के हार्ट गेलं. चांगल्या हार्टचं पंपिंगसुद्धा 55 ते 65 च्या आसपासच असतं, शंभर कुणाचंच नसतं. हे ऐकल्यावर काका स्वतःहून उठून बसले.

दुसरं म्हणजे मी शिकवायचा दिवस ठेवला होता डिस्चार्जचा. त्या दिवशी नातेवाईक बिलाच्या काउंटरला, मेडिक्लेमचा मेल आला का बघतायत, पेशंट कपडे घालून बेडवर बसलेला, कुणाचंच लक्ष नाही. मग संमतीपत्रातला शब्द आणि शिकवायचा दिवस, या दोन्ही बदलांसाठी परत कमिटीला पत्र द्यावं लागलं, कारण मंजूर झालेल्या कागदात मनानी काही बदलता येत नाही, आणि त्यात तीन आठवडे गेले. पण नंतर पेशंट सावरला की त्याच दिवसापासून रोज पंधरा मिनिटं बसायला लागले, आणि जी बाई घरी स्वयंपाक करते ती हजर असेल त्या वेळेला.

वजनाचं तर सगळंच परत बसवावं लागलं. जुन्या चार्टवर कुणाचं वजन चहानंतर घेतलेलं, कुणाचं जेवून, कुणाचं चपलेसकट, त्यावरून पाणी किती उतरलं हे काय कळणार? सकाळी सहा, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तोच काटा, तसेच हलके कपडे, असं ठरवलं. नाईटच्या मुली सुरुवातीला वैतागल्या, त्यांची पण चूक नाही, तीस बेडला दोन सिस्टर.

शिकवताना मीच जास्त शिकले असं वाटतं. "मीठ कमी आहे ना?" विचारलं की सगळे "वरून घेतच नाही हो सिस्टर" म्हणतात. मग ताटात काय काय असतं असं विचारायला लागले तर लोणचं, पापड, सुकट, फरसाण, सगळं बाहेर यायला लागलं. एकांनी बीपीसाठी चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलेलं, त्यात पोटॅशियम असतं आणि त्यांना स्पायरोनोलॅक्टोन ही हार्ट फेल्युअरची गोळी चालू, दोन्हीनी पोटॅशियम वाढतं, हे धोक्याचं, लगेच डॉक्टरांना सांगितलं. आणि गुडघ्याची गोळी! डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून आणून घेतात, त्यानी अंगात पाणी साठतं, पण कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. हा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नव्हताच.

डिस्चार्जनंतर सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करायचा होता. बऱ्याच जणांनी उचललेच नाहीत, काही नंबर मुलाचे, मुलगा पुण्यात आणि आई गावाला. एका आजोबांच्या सूनबाई मात्र कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी रोजचं वजन लिहीत होत्या. विसाव्या दिवशी त्यांचाच मला फोन, "सिस्टर, तुम्ही तीन दिवसात दोन किलो वाढलं तर कळवा म्हणाला होतात, 58.2 होतं, आज 60.4 आहे, दम नाही पण घोट्याला बोट दाबलं की खड्डा पडतोय." मी डॉक्टर सरांना कळवलं, त्यांनी त्याच दिवशी ओपीडीला बोलावलं, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम बघून लघवीच्या गोळीचा डोस बदलला. आठवड्यानी मी फोन केला तेव्हा सूनबाईंनी तारखेसकट सगळी वजनं वाचून दाखवली, 60.1, 59.4, 58.9, 58.5, आणि मागून आजोबांचा आवाज, कालचं पण सांग गं.